लॅपटॉपचे इंच आधी घरी मोजा: ठाणे-नवी मुंबई रोज ये-जा करणाऱ्यांसाठी स्क्रीन निवडण्याची रीत

शिवणकामाची टेप, एक जुनं खोकं आणि कात्री. लॅपटॉपच्या दुकानात जायच्या आधी एवढं घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसा. जाहिरातीतले इंच खरे असतात, पण आपल्याला जे कळायला हवं ते त्या एका आकड्यातून कळत नाही.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि गेली अकरा वर्षं ट्रान्स-हार्बर लोकलने नवी मुंबईत ऐरोलीला नोकरीला जाते. नातेवाईक, बिल्डिंगमधली मंडळी लॅपटॉप घ्यायचा झाला की विचारतात, आणि प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "चौदा इंची घेऊ की पंधरा?" त्याचं तोंडी उत्तर देणं मी सोडलंय. आधी खोकं कापायला लावते.

पहिली पायरी: इंचांचे सेंटिमीटर करा

स्क्रीनचं माप तिरकं घेतात, खालच्या एका कोपऱ्यापासून वरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. पण तिरकं माप सारखं असूनही एक स्क्रीन लांबट आणि दुसरी उभट असू शकते. ते रुंदी-उंचीच्या प्रमाणावर ठरतं. सध्या १६:९, १६:१० आणि ३:२ ही तीन प्रमाणं दुकानात दिसतात. मी हिशेब करून एका कागदावर लिहून ठेवलाय, तो असा (रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, फक्त उजळणारा भाग):

१३.५ इंच, ३:२ — २८.५ × १९.०
१४ इंच, १६:९ — ३१.० × १७.४
१४ इंच, १६:१० — ३०.२ × १८.८
१५.६ इंच, १६:९ — ३४.५ × १९.४
१६ इंच, १६:१० — ३४.५ × २१.५
१७.३ इंच, १६:९ — ३८.३ × २१.५

हे आकडे नीट बघा, कारण निम्मा निर्णय इथेच होतो. १५.६ आणि १६ इंची स्क्रीनची रुंदी एकच आहे. १६ इंचीत मिळतात ते वर-खाली दोन सेंटिमीटर. १६ आणि १७.३ इंचीची उंची एकच आहे. आणि १४ इंची १६:१० ची उंची १५.६ पेक्षा जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरने कमी. आपण वाचतो, लिहितो, एक्सेलच्या ओळी बघतो तेव्हा कामाला येते ती उंची. १५.६ घेऊन मिळणारी जास्तीची रुंदी बहुतेक वेबसाइटवर दोन्ही बाजूंच्या रिकाम्या पांढऱ्या पट्ट्यांत जाते. सिनेमा बघायला, किंवा टॅलीत आणि एक्सेलमध्ये आडवे रकाने मांडायला मात्र ती खरंच लागते.

मुळात ही रुंद स्क्रीन आली ती वाचणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. २००८ ते २०१० च्या सुमारास १६:१० मागे पडून १६:९ सगळीकडे आली. टीव्हीचं प्रमाण तेच होतं, आणि कारखान्यात काचेच्या मोठ्या तावातून त्या आकाराचे तुकडे कमी नासाडीत निघत होते. २०२० पासून कंपन्या हळूहळू १६:१० कडे परतल्या. म्हणून आज घेताना तिरक्या इंचांआधी हे प्रमाण विचारा. जाहिरातीत नसेल तर रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, बघा: १९२०×१०८० म्हणजे १६:९, १९२०×१२०० म्हणजे १६:१०.

दुसरी पायरी: खोकं कापा आणि पिशवीत घाला

आता पूर्ण लॅपटॉपच्या मापाचे तुकडे कापायचे, कडेची चौकट धरून. साधारणपणे १४ इंचीचं अंग ३१-३२ × २२ सेंटिमीटर असतं, म्हणजे ए-४ कागदापेक्षा थोडंसं मोठं. १५.६ इंचीचं ३६ × २४, १६ इंचीचं ३६ × २५. तुकड्याला मागून एक-दोन पुस्तकं चिकटपट्टीने बांधून वजन द्या: १४ इंचीला सव्वा ते दीड किलो, १५.६ ला पावणेदोन, गेमिंगवाल्या १६ इंचीला अडीच. गेमिंगच्या लॅपटॉपचा चार्जर आणखी अर्धा-पाऊण किलोचा असतो, तोही धरा.

हे सगळं नेहमीच्या सॅकमध्ये घालून एक दिवस खरोखर प्रवास करा. भाच्याला मी हेच करायला लावलं होतं, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. तो १६ इंची गेमिंगवर अडून बसला होता. सकाळी आठच्या गाडीला सॅक पोटाशी घेऊन तो उभा राहिला. आपल्याकडे गर्दीत सॅक पाठीला लावत नाहीत, पुढे घेतात. खोक्याची रुंद कड दोन्ही दंडांच्या बाहेर येत होती आणि राबाळ्यापर्यंत ती तीन जणांना लागली. घरी येऊन त्याने स्वतःच चौदाचा तुकडा उचलला.

बसायला मिळालं तरी मांडीवरची जागा मोजकीच. तिघांच्या बाकावर चौथी टेकलेली असते तेव्हा आपल्या वाट्याला येणारी रुंदी ३६ सेंटिमीटरच्या लॅपटॉपला पुरत नाही, कोपर शेजारणीच्या कुशीत जातं. घोडबंदर रोडवरून ऑफिसच्या बसने जाणाऱ्यांची अडचण निराळी आहे. पुढच्या माणसाने सीट मागे केली की उंच स्क्रीन पूर्ण उघडतच नाही. तिथे १६ इंची अर्धवट मिटलेल्या अवस्थेत वापरावा लागतो, १४ इंची निभावून जातो.

गर्दीचा दाब हा आमच्याकडचा खास शत्रू आहे आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पातळ झाकणाचा १५.६ इंची होता. ठाण्याला उतरताना सॅक दारातल्या दांड्यावर दाबली गेली. घरी उघडून बघितलं तर स्क्रीनच्या मधोमध बोटाएवढे तीन पांढरट डाग, पांढऱ्या पानावर दिव्यासारखे उजळ. आतले प्रकाश पसरवणारे पातळ थर दाबले गेले की असे डाग पडतात, आणि ते पुसून जात नाहीत, पूर्ण पॅनेल, म्हणजे आतला पडदाच, बदलावा लागतो. झाकण जितकं मोठं आणि पातळ तितकं ते मध्ये जास्त वाकतं. तेव्हापासून चार्जर आणि डबा लॅपटॉपच्या कप्प्याजवळ ठेवत नाही, आणि झाकणाची बाजू अंगाकडे ठेवते.

तिसरी पायरी: डोळ्यांची चाचणी देवनागरीत घ्या

दुकानातला माणूस इंग्रजी पान उघडून दाखवेल. तुम्ही मराठी बातम्यांचं पान किंवा मोबाइलवरचा सातबाऱ्याचा पीडीएफ उघडा. इंग्रजी अक्षरं थोड्या ठिपक्यांत निभावतात. आपल्याला एकाच अक्षराच्या वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार बसवायचा असतो. "उद्ध्वस्त", "राष्ट्रीय", "दुसऱ्यांदा", "वैशिष्ट्यं" हे शब्द १०० टक्के झूमवर वाचून बघा. द्ध चा द्द वाटला, अनुस्वार रेघेला चिकटला, तर ती स्क्रीन रोज आठ तास वाचायला नको.

कारण ठिपक्यांच्या दाटीत आहे. १५.६ इंचीत १३६६×७६८ असेल तर एका इंचात साधारण १०० ठिपके येतात. त्याच मापात १९२०×१०८० असेल तर १४१. १४ इंचीत १९२०×१२०० असेल तर १६२ आणि २८८०×१८०० असेल तर २४३. मराठी वाचणाऱ्याने १४० च्या खाली जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. जुन्या १३६६ वाल्या स्क्रीन स्वस्तात दिसल्या तरी सोडून द्या.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ठिपके वाढले म्हणजे पडद्यावर जास्त मजकूर मावतो असं नाही. १४ इंची १९२०×१२०० वर विंडोजने स्केल (अक्षरं-चित्रं किती मोठी करून दाखवायची ते) १५० टक्के ठेवलं तर काम करायला १२८० × ८०० एवढीच जागा उरते. १२५ टक्क्यांना १५३६ × ९६०. १६ इंची २५६०×१६०० वर १५० टक्के ठेवूनही साधारण १७०७ × १०६७ मिळते. दुकानात सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले असं जाऊन स्केल तुमच्या डोळ्यांना सोसेल तेवढं करा आणि मग बघा पान कुठपर्यंत दिसतं ते. डोळ्यांपासून स्क्रीन हातभर लांब ठेवून बघा, वाकून नव्हे. माझे सासरे सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, इतिवृत्तं लिहितात. त्यांना १५० टक्क्यांच्या खाली वाचता येत नाही, आणि त्यांचा लॅपटॉप घराबाहेर जात नाही. त्यांना मी १६ इंची घ्यायला लावला आणि तो बरोबर ठरला.

टाइप करणाऱ्यांनी कीबोर्डही याच वेळी बघायचा. १५.६ आणि १६ इंचीत बऱ्याचदा उजवीकडे आकड्यांचा वेगळा पॅड असतो. त्यामुळे अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो आणि आपण स्क्रीनच्या मध्यापासून बाजूला बसतो. दिवसभर लिहिणाऱ्याची मान त्याने आखडते. शेजारच्या काकू घरून जीएसटीची कामं करतात, त्यांना आकड्यांचा पॅड हवाच होता. तेव्हा मोठा घ्यायचा हे ठरलंच. ज्यांना महिन्यातून चार दिवसच आकडे मारायचे असतात त्यांनी काहीशे रुपयांत मिळणारा वेगळा पॅड घ्यावा.

चौथी पायरी: दुकानात रंग आणि उजेड बघा

स्टेशनजवळची दुकानं असोत, वाशी सेक्टर १७ असो की मॉलमधलं शोरूम, डेमो पीसचा ब्राइटनेस शंभर टक्क्यांवर असतो. आधी तो निम्म्यावर आणा. मग मोबाइलमधला जास्वंदीचा किंवा पैठणीचा एखादा फोटो लॅपटॉपवर उघडा आणि मोबाइल शेजारी धरा. स्वस्त पॅनेलवर जास्वंदीचा लाल विटकरी-नारिंगी दिसतो. माहितीपत्रकात "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असतं तेच हे पॅनेल; पडदा किती रंग दाखवू शकतो याचं ते माप. पत्रव्यवहार, हिशेब यांना ते चालतं. फोटो, डिझाइन, ऑनलाइन साड्या विकणं असली कामं असतील तर "१०० टक्के एसआरजीबी" शोधा, तेही रंगांचंच माप आहे.

उजेडाचं माप निट्समध्ये देतात. २५० निट्स खिडकीपाशी फिके पडतात, ३०० कामापुरते, ४०० असतील तर दुपारीही पडदा ओढावा लागत नाही. ओएलईडी, म्हणजे ठिपके स्वतःच उजळणाऱ्या पडद्याचा, काळा रंग सुरेख असतो. पण रोज एकच टास्कबार आणि एकच एक्सेल दिवसभर उघडं राहणार असेल तर त्याचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका आहे, आणि कमी ब्राइटनेसवरच्या लुकलुकण्याने काहींचं डोकं दुखतं. दहा मिनिटं निम्म्या उजेडात वाचून बघितल्याशिवाय ओएलईडी घेऊ नका.

पाचवी पायरी: मोठी स्क्रीन टेबलावर ठेवा, सॅकमध्ये नको

ज्यांना प्रवास रोजचा आणि काम मोठं अशा दोन्ही गोष्टी आहेत, त्यांना मी एकच सांगते: १४ इंची, १६:१० लॅपटॉप घ्या आणि घरी २४ इंची मॉनिटर लावा. २४ इंची १६:९ मॉनिटरचा पडदा ५३ × २९.९ सेंटिमीटर असतो. ए-४ कागद २१ × २९.७. म्हणजे आख्खं पान खऱ्या मापात उभं बसतं, आणि शेजारी दुसरंही. १७.३ इंची लॅपटॉप पाठीवर वाहूनही हे जमत नाही, कारण त्याची उंची २१.५ वरच थांबते. साधा मॉनिटर दहा हजारांच्या आत-बाहेर मिळतो.

लॅपटॉप घेताना यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जातं का आणि चार्जिंग होतं का, हे दोन वेगळे प्रश्न विचारा. दोन्हींचं उत्तर हो असेल तर पुढे यूएसबी-सी मॉनिटरला एकच वायर लावून भागतं. नसेल तर चित्रासाठी एचडीएमआयची वेगळी वायर आहेच. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवा. आमच्या घरात टेबल एकच आहे. म्हणून मॉनिटर भिंतीवर लावलेल्या फिरत्या दांड्यावर बसवलाय, जेवायच्या वेळी तो बाजूला फिरवतो.

सहावी पायरी: "नवीन डिझाइन येतंय, थांबू का?"

हा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो, आणि तो विचारण्यासारखाच आहे. कारण नवी डिझाइनं नेमकी आपलीच अडचण सोडवायला निघालीत: डोळ्यांना उंची हवी, हातांना रुंदी हवी, सॅकला दोन्ही नकोत.

हातांची गोष्ट आधी. सवयीच्या कीबोर्डवर एका कीच्या मध्यापासून पुढच्या कीच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर असतात. एका ओळीत पंधरा कींची जागा धरली तर साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. म्हणून १३-१४ इंचांच्या खाली लॅपटॉप गेला तर बटणं लहान करावी लागतात. २००७ साली आलेल्या ७ इंची असुस ई-पीसीवर मोठ्या माणसाची बोटं एकमेकांवर चढायची. हात काही लहान होणार नाहीत, तेव्हा रुंदी २८ ते ३० सेंटिमीटरच्या खाली जाणार नाही. कडेच्या काळ्या चौकटी २०१५ पासून कमी होत होत आता जवळजवळ संपल्यात, त्यातून आणखी फारसं काही निघणार नाही. वाढायला दिशा एकच उरते, वरची.

लेनोवोने जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात दाखवलेला गुंडाळीचा थिंकबुक नेमका त्याच दिशेने जातो. बंद असताना १४ इंची. बटण दाबलं की कीबोर्डखाली गुंडाळून ठेवलेला भाग मोटर वर ढकलते आणि स्क्रीन १६.७ इंची होते, पण उभी. माझ्या हिशेबाने उंची ३२ सेंटिमीटरच्या आसपास जाते. ए-४ पान त्यात बसतं! साध्या एलसीडीत हे होत नाही, कारण तिथे दोन काचांमध्ये द्रव आणि मागे दिव्याचा थर असतो. ओएलईडीचे ठिपके स्वतःच उजळतात आणि ते काचेऐवजी लवचीक प्लास्टिकवर बसवता येतात. किंमत त्यांनी ३,४९९ डॉलर सांगितली होती.

घडीचे लॅपटॉप त्याआधीपासून आहेत. लेनोवोने १३.३ इंची थिंकपॅड एक्स-१ फोल्ड २०२० मध्ये दाखवला, असुसचा १७.३ इंची झेनबुक फोल्ड २०२२ मध्ये आला आणि भारतात त्याची किंमत सव्वातीन लाखांच्या घरात होती. कल्पना मला फार आवडते. पण घडीच्या बिजागरात धूळ जाणं, सॅकमध्ये मधोमध दाब येणं, आणि पावसाळ्यातली आपली दमट हवा यांचा विचार केला की अजून धीर होत नाही. २०२४ च्या झेनबुक ड्युओमध्ये दोन १४ इंची पडदे आहेत, सुटा कीबोर्ड वरच्या-खालच्यापैकी खालच्यावर ठेवायचा किंवा टेबलावर. दोन्ही काचेचेच, घडी पडद्याला नाही. मला यातलं हेच सगळ्यात व्यवहारी वाटतं. त्याच वर्षी बार्सिलोनात लेनोवोने आरपार दिसणाऱ्या पडद्याचा नमुनाही ठेवला होता. गाडीत समोर बसलेल्या माणसाला आपली पगाराची शीट उलटी वाचता यावी, अशी गरज मला कुणाचीही दिसत नाही.

माझा अंदाज असा: १५.६ हळूहळू मागे पडून १६ येईल, १४ इंची १६:१० मधोमध टिकून राहील, आणि दोन पडद्यांचे लॅपटॉप घडीच्या आधी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येतील. बॅटरी मोठी होऊन फार दिवस चालेल, ही आशा मोठ्या लॅपटॉपबाबत धरू नका. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतचीच (बॅटरीत किती वीज साठते याचं हे माप) बॅटरी विनापरवानगी नेता येते, म्हणून मोठ्या लॅपटॉपची बॅटरी ९९ च्या आसपास अडते. पुढची वाढ चिप आणि पडदा कमी वीज खाऊ लागतील त्यातूनच येणार.

म्हणून लॅपटॉप आज लागणार असेल तर थांबू नका. मॉनिटर चांगला घ्या, तो पुढच्या कुठल्याही आकाराच्या लॅपटॉपला लागेल.

शेवटची पायरी: पैसे देताना आणि पहिल्या रात्री

एकाच नावाचा लॅपटॉप दोन-तीन वेगवेगळ्या पॅनेलसह विकला जातो, आणि दुकानातला डेमो पीस बहुधा चांगल्या पॅनेलचा असतो. त्यामुळे नावावर जाऊ नका. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, डेमो पीसच्या तळाशी चिकटवलेल्या नंबराशी ताडून बघा. ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा.

घरी आल्यावर रात्री खोलीतला दिवा बंद करून पूर्ण पडदा आधी काळा, मग पांढरा, लाल, हिरवा, निळा करून बघा. त्यासाठी त्या रंगाचं साधं चित्र पुरतं. काळ्यावर कोपऱ्यातून उजेड झिरपतोय का, पांढऱ्यावर एखादा ठिपका मेलेला आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. झाकण एका बोटाने उघडून सोडा. ट्रेनच्या हिसक्यात बिजागर पडदा धरून ठेवतं का, हे मांडीवर ठेवून हलवून बघा. काही खटकलं तर त्याच रात्री फोटो काढून दुकानदाराला पाठवा, कारण बदलून मिळण्याची मुदत अनेक ठिकाणी सात-दहा दिवसांचीच असते. आणि बिलावर तो पूर्ण मॉडेल नंबर लिहिलेला नसेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन लिहून घ्या. चार वर्षांनी पॅनेल बदलायची वेळ आली की दुरुस्तीवाला पहिल्यांदा तोच मागतो.